झकास आला, मावशी

वाल्मीक शेवाळे माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढचं ऐकताना त्याचा राग येणार, आणि तो यायलाच पाहिजे. मूळचा देवळ्याकडचा, कांदा पिकवणाऱ्या घरातला. वीस वर्षांपूर्वी एक पिशवी घेऊन नाशकात आला, पंचवटीतल्या एका फोटोवाल्याच्या हाताखाली राबला, आणि आता दिंडोरी रोडला त्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे. लग्न, साखरपुडा, डोहाळजेवण, बारसं, आणि अलीकडे ते होणाऱ्या नवरा-नवरीला गंगापूर धरणाच्या काठाकाठाने हातात हात घालून पळवायचं नवं खूळ, सगळं करतो. बोलायला गोड. रुसलेल्या सासूलाही हसवून फोटोत उभी करील.

त्या फोटोवाल्या उस्तादाने त्याला पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकवली होती, खोटा फ्लॅश. तेव्हा रोलचा जमाना. एका रोलात छत्तीस फोटो, आणि स्टेजवर चढणारी माणसं तीनशे. नवरीच्या मामाच्या साडूचे शेजारीसुद्धा कॉलर ताठ करून नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकणार. नाही म्हणावं तर मान जाते, काढावा तर रोल जातो. मग काय करायचं? फ्लॅश तेवढा उडवायचा, फोटो घ्यायचाच नाही, आणि वर खणखणीत आवाजात म्हणायचं, "झकास आला, काका!" काका खूश, मामा खूश, रोल वाचला. पुढे रोल गेले, हजारो फोटो एका नखाएवढ्या चकतीत मावायला लागले, पण वाल्मीकच्या जिभेवरचं ते 'झकास आला' काही गेलं नाही. अल्बम आल्यावर मामाच्या साडूचा शेजारी कुठे विचारायला येतो?

वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, ते गेल्या मार्गशीर्षात. दुपारची वेळ होती, वाल्मीक एका लग्नाचा व्हिडिओ कापत बसला होता. अनोळखी नंबरावरून फोन आला.

"भाऊ, मी आशा बोलते. घोटीच्या पुढून. वत्सलाबाईची आशा."

वाल्मीकला पटकन काही आठवेना. रोज दहा आशा आणि वीस वत्सला फोन करतात.

"तू ती फिलिम काढली होती ना आमच्या पाड्यावर, पाण्याची? चार वर्सं झाली."

डोंगरातली ही माणसं कुणालाच अहो-जाहो करत नाहीत, आणि त्यात अपमान काही नसतो. पण त्या दिवशी ते 'तू' वाल्मीकला जरा टोचलं. आता त्याला सगळं आठवलं.

"हो, हो, बोल ना ताई. मावशी कशा आहेत?"

"आई गेली रं, शनवारी. तापच होता. दवाखान्यात नेली तवर उशीर झाला." मग आशा कामाचं बोलली. "बाराव्याला फोटू पायजे. घरात एक बी नाय."

"अरेरे... ताई, आहे ना माझ्याकडे. फिल्ममधला एकदम क्लिअर..."

"तो नको," आशा म्हणाली. "फाटक्या लुगड्यातला नको. तिनं त्या दिशी आधी चांगलं लुगडं नेसलं व्हतं, हिरवं. त्यातला बी तू काढला व्हता ना? आई सांगायची नेहमी, माझा चांगला फोटू त्या नाशिकच्या दादाकडं हाय म्हणून. तुझं कार्ड तिनं डब्यात जपून ठेवलं व्हतं, त्याच्यावरून तर नंबर गावला."

वाल्मीकने समोरचा लग्नाचा व्हिडिओ थांबवला. पण जीभ वीस वर्षांची तयार.

"आहे, आहे," तो म्हणाला. "झकास आलाय."

आता ही फिल्म काय होती ते सांगायला हवं. कॉलेज रोडवर राहणारा विहंग नावाचा एक पोरगेला दिग्दर्शक, शिकलेला, मनाने चांगला, त्याला डोंगरातल्या बायकांच्या पाण्याच्या हालांवर वीस मिनिटांची फिल्म करायची होती. कॅमेऱ्यासाठी त्याने वाल्मीकला धरलं. वाल्मीकला आभाळ ठेंगणं झालं! लग्नातल्या पंक्ती आणि वरातीतले नाच टिपून टिपून त्याचा जीव आंबला होता. कॅमेऱ्याने काय काय करता येतं हे त्याला ठाऊक होतं, दाखवायची संधी मिळत नव्हती.

आणि त्याने दाखवलं. वत्सलाबाईच्या घरापासून विहीर दोनशे पावलांवर, चढ असा की नातवंडं पळत जातात. वाल्मीकने कॅमेरा घरापाशी जमिनीला टेकवला, लांबची लेन्स लावली. लांबच्या लेन्सने मागचा डोंगर पुढे सरकतो आणि थेट माणसाच्या मानेवर येऊन बसतो. माणूस चालतो, पण जवळ येतच नाही. दोनशे पावलांचे दोन कोस झाले. उजव्या हाताला शाळेचा हातपंप होता. वैशाखात तो कोरडा पडायचा हे खरं, पण तेव्हा फाल्गुन होता आणि पंपाला पाणी होतं. वाल्मीकने कॅमेरा दोन बोटं डावीकडे फिरवला, हातपंप गेला. सुरकुत्या खोल दिसाव्यात म्हणून कलत्या उन्हाची वाट पाहिली. रिकामा हंडा पुढ्यात मोठा धरला आणि बाई त्याच्यामागे एवढीशी. नंतर स्टुडिओत बसून डोंगरावरचं उरलंसुरलं हिरवंही काढून टाकलं. भरल्या हंड्याने वत्सलाबाई अकरा वेळा तो चढ चढली. दर वेळी वाल्मीक म्हणायचा, "एकदाच फक्त, मावशी." त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. पाण्याचे हाल तर खरेच होते ना? खऱ्याला जरा उठाव दिला, एवढंच.

पण अंगावर काटा आणणारी गोष्ट ही नव्हेच. गोष्ट सकाळची.

सकाळी ही मंडळी पाड्यावर पोचली तेव्हा वत्सलाबाई तयार होऊन बसली होती. आशाच्या लग्नात घोटीच्या बाजारातून घेतलेलं हिरवं, जरीच्या काठाचं लुगडं. केसांना तेल, कपाळाला ठसठशीत कुंकू, पायात लेकीच्या चपला. फोटो काढायचा म्हटल्यावर माणूस आपलं चांगलं ते नेसतो. वाल्मीकने हजार लग्नांत दुसरं काय पाहिलं होतं? विहंगने मात्र वाल्मीकला बाजूला घेतलं. "दादा, हे नाही चालणार. ह्यात ते हाल दिसत नाहीत. तुम्ही सांगा ना त्यांना, तुम्हाला जमतं."

वाल्मीकला जमतं, हेच तर वाईट. तो म्हणाला, "मावशी, जरा जुनं काही नाही का?"

"जुनी समदी गोधडीत गेली, दादा," ती म्हणाली.

वाल्मीकने इकडे तिकडे पाहिलं. घरामागे न्हाणीच्या दगडाभोवती चार काठ्या रोवून आडोशाला एक लुगडं बांधलेलं होतं. उन्हापावसाने विरलेलं, फाटलेलं, मातकट. वाल्मीकने स्वतःच्या हाताने गाठी सोडल्या, झटकलं आणि तिच्यापुढे धरलं. "पाचच मिनिटं, मावशी. फिल्ममध्ये असंच असतं."

तिने त्या कापडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आधी ह्यातला एक काढ. मग नेसते."

वाल्मीकला डोंगर आणि चेहरा असा एक शॉट पाहिजे होता. आधी मागचा डोंगर स्वच्छ आणि पुढचं माणूस पुसट, मग लेन्सवरची कडी हळूच फिरवली की डोंगर पुसट आणि माणूस स्वच्छ. त्याची तालीम करायचीच होती. त्याने तिला मोहाच्या झाडाजवळ उभी केली, डोंगर नीट बसवला, कॅमेरा चालू केला. तेवढ्यात विहंगने हाक मारली, ऊन चढतंय दादा, आटपा. वाल्मीकने कडी काही फिरवली नाही.

"आला का रं माझा फोटू?" वत्सलाबाईने विचारलं.

"झकास आला, मावशी. आता ते लुगडं बदला."

निघताना तिने पुन्हा आठवण केली. वाल्मीकने आपलं व्हिजिटिंग कार्ड तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, पुढच्या शनिवारी बाजाराला येतो तेव्हा फोटो आणतो. चार वर्षांत दोनशे शनिवार झाले की नाही? ह्या दोनशेंतला एकही त्याला सापडला नाही.

फिल्म गाजली. छायाचित्रणाचं बक्षीस मिळालं, त्याची ती चकचकीत ढाल स्टुडिओच्या काचेच्या कपाटात अगदी पुढे आहे. गिऱ्हाईकं विचारतात, तोच शॉट आमच्या प्री-वेडिंगला द्याल का, डोंगर जवळ आणून? वाल्मीक देतो.

तर आशाचा फोन ठेवला आणि वाल्मीकने जुनी हार्ड डिस्क लावली. तीन तासांचं चित्रण होतं. अकरा वेळा चढणारी वत्सलाबाई होती, हंडा होता, भेगाळलेल्या टाचा होत्या. ते सगळं पळवत पळवत तो अगदी सुरुवातीला गेला. चाळीस सेकंदांचा एक तुकडा सापडला. डोंगर असा लख्ख, की कड्यावरची एकेक कपार मोजून घ्यावी. आणि पुढे एक हिरवा पुंजका, वर एक गव्हाळ डाग, त्यात एक तांबडा ठिपका. बाई आहे एवढं कळत होतं, कोण बाई ते कळत नव्हतं.

आवाज मात्र स्वच्छ होता. 'आला का रं माझा फोटू?' वाल्मीकने घाईघाईने बंद केलं. थोड्या वेळाने पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं. त्या दिवशी लग्नाचा व्हिडिओ काही पुढे सरकला नाही.

मग त्याने दुसरा मार्ग धरला. मेलेल्या माणसाला कोट-टोपी घालून देणं हे स्टुडिओवाल्याला नवं नाही. उघड्याबंब आजोबांच्या फोटोला टाय लावून दिलेले आहेत त्याने. फिल्ममधला चेहरा घ्यायचा, खाली हिरवं लुगडं जोडायचं. जोडलं. पण तो चेहरा अकराव्या खेपेचा होता. हिरव्या जरीच्या काठावर ते दमलेले डोळे त्याच्याकडे बघत राहिले, आणि वाल्मीकला ते बघवेना. मनात आलं, आशाला फोन करावा आणि खरं काय ते सांगावं. मोबाईल हातात घेतलाही. आणि आपल्या ह्या शहाण्याने काय केलं? फोन करायच्या ऐवजी त्यातलंच एक ॲप उघडलं. चेहरा उजळवणारं, हसवणारं. दोन मिनिटांत सुरकुत्या विरल्या, डोळे टवटवीत झाले, ओठ उघडून दात दिसले. सुंदर दिसत होती बाई! वाल्मीकला हायसं वाटलं. त्याने तो मोठा करून छापला, सोनेरी फ्रेम घातली. चाळीस सेकंदांचा तुकडाही मोबाईलमध्ये घेऊन ठेवला. कशाला, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

बाराव्याला तो स्वतः गेला. घोटी मागे टाकून गाडी डोंगराकडे वळली तेव्हा भात काढून झालेली खाचरं पिवळी पडली होती आणि खळ्यांवर पेंढ्याच्या गंजी होत्या. पाड्यावर पोचल्यावर पहिलं त्याला दिसलं ते हे, की घर ते विहीर अंतर किती थोडं आहे. चार वर्षं पडद्यावर पाहून पाहून त्यालाही ते लांब वाटायला लागलं होतं.

घरात पंधरा-वीस माणसं होती. पाटावर दिवा, शेजारी रिकामी जागा. वाल्मीकने फ्रेम काढून ठेवली. बायका पुढे झाल्या, "आगं बया, किती छान!" म्हणाल्या. वत्सलाबाईचा नवरा झिपरूबाबा भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्याला धरून फोटोजवळ आणलं. त्याने काचेवरून हात फिरवला, अगदी नाक लागेल इतका जवळ गेला.

"हिरवंच हाय ना?" त्याने विचारलं.

"हिरवंच," कुणीतरी म्हणालं.

"हसती का?"

"हसती की, बाबा."

झिपरूबाबाने हात जोडले आणि डोकं पाटाला टेकवलं. मग वाल्मीकचा हात चाचपून धरला. "लय उपकार झालं, दादा," म्हणाला. वाल्मीकला तिथून पळून जावंसं वाटलं.

आशाने फोटो एकदा नीट पाहून घेतला. तिने झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली, आलेल्यांना जेवायला वाढलं. वाल्मीकला बरोबर बसवून आग्रहाने भात वाढला. हात धुवायला तो हातपंपावर गेला तेव्हा ती खरकटी भांडी घेऊन मागोमाग आली आणि पंप मारू लागली. पाणी आलं, भरपूर आलं.

"भाऊ," ती हळू म्हणाली, "आईच्या हनवटीवर गोंदण व्हतं. तीन ठिपके. ते कुठं गेलं?"

वाल्मीकचे हात पाण्याखाली तसेच राहिले. ॲपने ते डाग समजून पुसले होते, आणि त्याला पत्ताही नव्हता. तीन तास लेन्समधून तिच्या तोंडाकडे बघितलं होतं ह्या माणसाने!

"आन् पुढचा दात तर नव्हताच तिला," आशा म्हणाली. "कुणाचे दात हायेत ते?"

"ताई, ते जरा स्वच्छ करताना..."

"खरा कुठं हाय?"

वाल्मीकने ओले हात विजारीला पुसले.

"ती फिलिम घोटीच्या बाजारात कुणीतरी मोबाईलवर दाखवली तिला," आशा सांगू लागली. रडत नव्हती, पंपाच्या दांड्यावर हात ठेवून उभी होती. "कापडाच्या दुकानात. चार माणसांत. ही बघा आपली वत्सला, म्हणे, अंगाला धड कापड नाय हिच्या. न्हाणीचा आडोसा नेसवला तू माझ्या आईला, भाऊ. ती घरी आली आन् ते फडकं चुलीत घातलं. तवापासनं कुणी बी मोबाईल वर केला की पदर ओढून घ्यायची तोंडावर. माझ्या पोरीच्या बारशात बी काढू दिला नाय. मी भांडायचे तिच्याशी. तर म्हणायची, माझा एक चांगला हाय नाशिकला. मेल्यावर तोच लावा."

आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. नाही, जागा होती. अजून एखादी थाप त्याला सुचली असती. पण जीभ उचलेना.

"तो आलाच नव्हता," वाल्मीक म्हणाला. "मी नुसतंच म्हणालो, झकास आला. सवयीने. कॅमेरा डोंगरावर होता, ताई. चुकलं माझं. लय चुकलं."

मोबाईल काढून त्याने तो तुकडा तिच्यापुढे धरला. आशाने तो दोन्ही हातांत घेतला, उन्हाला पाठ करून पाहिला. चाळीस सेकंद संपले.

"डोंगर लय चांगला आलाय," ती म्हणाली.

वाल्मीकने मान खाली घातली. आशाने पुन्हा लावला. मग तिने डोळे मिटून नुसता मोबाईल कानाला लावला. आई विचारत होती, आला का रं माझा फोटू, आणि शेवटी खुदकन हसत होती. असं हसायची ती, दात नाही म्हणून तोंडावर हात धरून. चार वर्षांत आशानेही ते हसू फारसं ऐकलं नव्हतं.

"घरातला काढून घेऊ का?" वाल्मीकने विचारलं. "फ्रेम परत नेतो मी."

"आता कसा काढशील? बाबानं डोकं टेकवलं तिच्यापुढं." आशाने घराकडे पाहिलं. आतून झिपरूबाबाचा आवाज येत होता, तो आल्यागेल्याला सांगत होता, हिरव्यातलाच हाय, बघा. "राहू दे. त्याला काय बी सांगू नको. त्याच्या मागं बघते काय करायचं ते."

म्हणजे आता ती नीटस दातांची, कोऱ्या हनुवटीची बाई रोज हार घालून घेणार, आणि वाल्मीकला ते माहीत असणार. ढाल कपाटात आणि ही बाई पाटावर. ह्यापेक्षा आशाने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"हे माझ्या मोबाईलात टाक," ती म्हणाली. त्याने टाकलं. तिने आलं की नाही ते बघितलं, पुन्हा एकदा कानाला लावलं आणि मग मान वर केली.

"भाऊ, तू लग्नातलं कायबाय काढून टाकतो ना? मागची माणसं, खांब, तारा?"

"टाकतो."

"मग आईचा आवाज राहू दे. तुझा तेवढा काढून देतो का?"

वाल्मीकच्या तोंडात 'देतो' आलंच होतं. हातपंप काढला होता त्याने, डोंगराचं हिरवं काढलं होतं, हनुवटीवरचे तीन ठिपके न बघताच काढले होते. त्याने मोबाईल मागून घेतला, कानाला लावला आणि ते चाळीस सेकंद पहिल्यांदा शेवटपर्यंत नीट ऐकले. झकास आला, मावशी. ती हसते ती तिथेच, त्याच्या बोलण्यावर.

"नाही निघायचा, ताई," तो म्हणाला. "मी बोलतोय त्यातच ती हसलीय. माझा काढला तर तिचं हसूही जाईल."

आशाने मोबाईल परत घेतला आणि पोलक्यात ठेवला.

"मग राहू दे," ती म्हणाली, आणि खरकटी भांडी घासायला पंपापाशी बसली.